मास्तरांचा पासवर्ड आणि नऊ सारख्या ओळी

दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत मास्तरांचा फोन येतो. शुभेच्छा अर्ध्या मिनिटात आटपतात आणि मग मूळ मुद्दा निघतो: गावच्या वाचनालयाच्या साइटचा पासवर्ड हरवला. हरवतो तोही ठरलेल्या पद्धतीने. मास्तर तो पेन्सिलीने कालनिर्णयवर लिहून ठेवतात, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी. ३१ डिसेंबरला नवं कालनिर्णय खिळ्यावर चढतं आणि जुन्याची पानं स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांखाली अंथरली जातात.

"बाय, तुझ्या फायलीत असेलच ना गो माझा पासवर्ड? तेवढा वाचून दाखव."

"मास्तर, फाइल आहे, पण पासवर्ड मलाही माहीत नाही."

"म्हणजे कपाटाची चावी तुझ्याकडे आणि आत काय ठेवलंय ते तुला ठाऊक नाही?"

पहिल्या वर्षी मी हॅश (पासवर्डपासून केलेलं, उलटं न फिरवता येणारं रूप) वगैरे सांगायला गेले आणि तोंडघशी पडले. दुसऱ्या वर्षी मास्तरांना वाटलं की मी मुद्दाम अडून बसलेय. तिसऱ्या वर्षी फोन आला तेव्हा माझ्या हातात मिक्सरचं भांडं होतं. मी म्हटलं, "मास्तर, हुमणासाठी खोबरं वाटलं की ते परत करवंटीत बसवता येतं का? तुम्ही दिलेला पासवर्ड मी वाटून ठेवते. पुढच्या वेळी तुम्ही परत तेच खोबरं आणता, मी परत वाटते, आणि दोन्ही वाटणं सारखी निघाली की दार उघडतं."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मास्तर म्हणाले, "बरोबर. पण वाटण बघूनही खोबरं जुनं होतं की ताजं, ते कळतं हं."

मास्तरांना कल्पना नव्हती, पण नेमक्या याच गोष्टीपायी मी एकदा रात्रभर जागले होते.

आमच्या गावच्या वाचनालयाकडे नाटकांच्या हस्तलिखित वह्या आहेत. गोव्यात देवळाच्या जत्रेला, उत्सवाला गावातली माणसं मराठी नाटक उभं करतात, ही काही नवलाची गोष्ट नाही. आमच्याकडे त्या नाटकांच्या प्रॉम्प्टरच्या वह्या जमल्या. समासात कुठे 'इथे पेटी थांबते', कुठे 'बत्ती खाली', कुठे नटाच्या नावापुढे नुसतीच फुली. त्या स्कॅन करून सर्व्हरवर ठेवल्या. पण वह्या देणाऱ्या घरांनी अट घातली होती की त्या सगळ्या जगासमोर मांडायच्या नाहीत, फक्त सभासदांनी बघायच्या. म्हणून मुखपृष्ठ सगळ्यांना खुलं आणि वह्यांच्या फोल्डरला पासवर्ड.

माझ्याआधी हे काम बघणाऱ्या मुलाने अगदी साधी सोय केली होती, आणि ती मला आजही योग्य वाटते. डेटाबेस नाही, लॉगिनचं खास पान नाही. साइट चालवणारा अपाचे सर्व्हर, त्याचं बेसिक ऑथेंटिकेशन (नाव आणि पासवर्ड विचारायची त्याची साधी सोय) आणि एक मजकुराची फाइल. फाइलमध्ये माणशी एक ओळ: नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग वाटण. एचटीपासवर्ड नावाची छोटी आज्ञा या ओळी घालते, बदलते, काढते. नावात दोन टिंबं चालत नाहीत, कारण नाव कुठे संपलं ते त्यांच्यावरूनच कळतं. चाळीस-पन्नास माणसांसाठी याहून जास्त यंत्रणा उभारणं म्हणजे नारळ फोडायला रोड रोलर आणणं. त्या मुलाला बंगळुरूत नोकरी लागली आणि २०१९ च्या पावसाळ्यात वाचनालयाने सर्व्हर माझ्या गळ्यात घातला. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, एवढीच माझी पात्रता.

पहिल्याच रात्री फाइल उघडली. प्रत्येक ओळीत महिरपी कंसात एसएचए, म्हणजे वाटायच्या पद्धतीचं नाव, पुढे अठ्ठावीस अक्षरं, त्यांतलं शेवटचं बरोबरचं चिन्ह. वरून खाली नजर फिरवता फिरवता एका ओळीशी थांबले, कारण तिची शेपटी ओळखीची वाटली. परत वर गेले. मग शोध घेतला. ४३ ओळींपैकी ९ ओळींत दोन टिंबांच्या पुढचा मजकूर तंतोतंत सारखा. नऊ माणसांचा पासवर्ड एकच!

तो कोणता, हे फाइल सांगत नव्हती. पण नऊ जणांना एकाच वेळी काय सुचलं असेल याचा अंदाज करायला मला फाइलची गरज नव्हती, मी त्याच गावात राहते. पहिला प्रयत्न वाचनालयाच्या नावाचा, तो फसला. दुसरा ग्रामदेवतेच्या नावाचा, तोही फसला. तिसऱ्यांदा त्याच नावापुढे १२३ लावलं आणि तशीच अठ्ठावीस अक्षरं पडद्यावर आली. मला आनंद व्हायला हवा होता, पण पोटात गोळा आला. एका अंदाजात नऊ कुलपं निघाली होती, आणि त्यातलं एक वाचनालयाच्या खजिनदारांचं होतं.

हे घडलं कारण वाटणात मीठ नव्हतं. या शास्त्रात 'सॉल्ट' म्हणजे मीठच म्हणतात, आणि मी आगरवाड्याची माहेरवाशीण असल्यामुळे हा शब्द मला परका वाटत नाही. वडिलांचं मिठागर होतं. पाऊस सरला की मानशीतून खाडीचं पाणी आत-बाहेर करायचं, वाफे बांधायचे, आणि मग मे संपेपर्यंत उन्हात पांढऱ्या राशी. सर्व्हरचं मीठ म्हणजे प्रत्येक पासवर्डमध्ये वाटण्याआधी टाकलेली काही वेडीवाकडी अक्षरं, प्रत्येकासाठी वेगळी. मग दोघांचं खोबरं एक असलं तरी वाटण वेगळं दिसतं. युक्ती जुनीच आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्सच्या पासवर्डांवर १९७९ मध्ये लिहिलेल्या निबंधात ती आहे. तेव्हा मिठाचे ४,०९६ प्रकार होते. आमच्या फाइलमध्ये त्यानंतर चाळीस वर्षांनीही एक चिमूट नव्हती.

शाळेत मुलं मला विचारतात, मीठ गुप्त ठेवायचं का? नाही. ते त्याच ओळीत उघड लिहिलेलं असतं. आमच्याकडेही मिठाची रास रस्त्याकडेला उघडीच असायची. चोराने मीठ बघितलं म्हणून त्याला सगळ्यांची आमटी एकदम करता येत नाही. प्रत्येक ओळीसाठी त्याला वेगळी चूल मांडावी लागते.

तर फाइल नव्याने करायची ठरली. मीठ आपोआप घालणारी वाटण्याची पद्धत, बीक्रिप्ट, वापरायची, म्हणजे एचटीपासवर्डला मोठा बी द्यायचा. बीक्रिप्ट १९९९ मध्ये नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड मॅझिएर यांनी मांडलं. ते मुद्दाम संथ आहे. एकेक अंदाज तपासायला चोराला वेळ लागावा, हाच त्याचा गुण. पण जुन्या ओळी नव्या पद्धतीत बदलता येत नाहीत, कारण मूळ खोबरं माझ्याकडे नाही. म्हणजे सगळ्यांना परत पासवर्ड द्यायला लावणं आलं.

एका रविवारी वाचनालयात लॅपटॉप मांडून बसले. एकेक सभासद आला, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला, स्वतःच्या हाताने दोनदा पासवर्ड टंकला. मी तोंड खिडकीकडे फिरवून बसायचे. टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, त्यामुळे अर्धे जण घाबरले. "बाय, हे चालत नाही," "चालतंय, काका, पुढे लिहा." आधीच्या मुलाने ही कटकट टाळण्यासाठी छोटा बी वापरला होता. तो दिला की पासवर्ड आज्ञेच्या ओळीतच लिहिता येतो. सोयीचं आहे, पण ती ओळ शेलच्या, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीच्या, इतिहासात जशीच्या तशी राहते. त्या इतिहासात मला सव्वीस सभासदांचे पासवर्ड ओळीने मांडलेले सापडले होते. वाटणाची एवढी मेहनत, आणि करवंट्या दारातच पडलेल्या.

त्याच आठवड्यात एचटीटीपीएस बसवलं, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली ये-जा कुलूपबंद केली. तोपर्यंत साइट साध्या एचटीटीपीवर चालत होती. बेसिक ऑथेंटिकेशनमध्ये ब्राउझर नाव आणि पासवर्ड बेस६४ करून पाठवतो. ते कुलूप नव्हे, नुसता वेश बदलणं आहे, कोणीही एका क्षणात उलटं करून वाचू शकतो. याचं २०१५ चं अधिकृत तपशीलपत्र, आरएफसी ७६१७, उदाहरण देताना सभासदाचं नाव अल्लादीन घेतं आणि पासवर्ड 'ओपन सेसमी', म्हणजे आपलं 'तिळा तिळा दार उघड'. गुहा अलीबाबाची आणि दारात उभा अल्लादीन! दुसऱ्याच्या पासवर्डवर आत जाणारा माणूस उदाहरणातच आहे, आणि मला हा योगायोग फार आवडतो.

आता माझ्या स्वतःच्या चुका.

पहिली अतिउत्साहाची. बीक्रिप्टला 'खर्च' नावाचा आकडा देता येतो, मोठ्या सीने. न सांगितल्यास एचटीपासवर्ड ५ धरतं. आकडा एकने वाढला की मेहनत दुप्पट. मी ऐटीत १२ दिला, म्हणजे १२८ पट. सुरक्षित तर सुरक्षित. दोन दिवसांनी तक्रारी सुरू झाल्या की वह्यांचं पान उघडायला इतका वेळ लागतो की मधे चहा होतो. मला आधी नेटवर संशय आला, मग पावसावर. खरं कारण असं की बेसिक ऑथेंटिकेशनमध्ये 'एकदा आत आला म्हणजे आला' असं काही नसतं. ब्राउझर प्रत्येक मागणीसोबत पासवर्ड परत पाठवतो आणि सर्व्हर प्रत्येक वेळी परत वाटतो. वह्यांच्या पानावर साठ छोटी चित्रं होती. साठ चित्रं म्हणजे साठ वेळा वाटण, आणि आमचा भाड्याचा सर्व्हर एका कोरचा. माणूस दारात एकदाच ओळख देतो असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात तो प्रत्येक खोलीच्या, प्रत्येक कपाटाच्या दारात ओळख देत होता.

खर्च कमी करायचा तर परत रविवार मांडायला हवा होता. धाडस नव्हतं, पण मांडला. या वेळी आकडा न देता ५ वरच राहू दिला.  पान झटकन उघडू लागलं.  

दुसरी चूक चवथीच्या आदल्या रात्रीची, आणि ती सांगताना अजून कान तापतात. घरी माटोळी बांधणं चालू होतं. दिराला एक काथ्याचा सुंभ हवा होता, सासूबाईंना नेवऱ्यांचं सारण ढवळायला माणूस हवा होता. तेवढ्यात एका तरुण गायकाचा फोन आला. आरतीनंतर म्हणायला त्याला एका जुन्या वहीतलं पद हवं होतं आणि तो सभासद नव्हता. अध्यक्षांची परवानगी त्याने आधीच घेतली होती. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम. माझ्या टिपणवहीत सगळ्यांत वर जी ओळ होती ती उचलली, नाव बदललं, एंटर मारला. पासवर्ड दोनदा विचारला गेला, 'अमुकचा पासवर्ड घालत आहे' असं नेहमीचं वाक्य आलं. लॅपटॉप मिटून मी सारण ढवळायला गेले.

ती ओळ रविवारच्या सुरुवातीची होती आणि तिच्यात छोटा सी होता. छोटा सी म्हणजे फाइल नव्याने निर्माण कर. फाइल आधीपासून असेल तर? तर तीच पुसून नव्याने निर्माण कर. विचारणं नाही, इशारा नाही, आणि येणारं वाक्यही तेच, सी असो वा नसो. ४७ सभासदांच्या फाइलमध्ये एकटा गायक उरला.

सकाळी पूजेच्या गडबडीत फोन वाजू लागला. पहिला अर्थात मास्तरांचा, पण या वेळी त्यांचा काही दोष नव्हता. एका हाताने दूर्वा निवडत दुसऱ्या हाताने लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. चुकीचा पासवर्ड असला तर अपाचे एएच०१६१७ आकड्याखाली 'पासवर्ड मिसमॅच' लिहितं. इथे ओळीमागून ओळ एएच०१६१८: सभासद सापडला नाही, सापडला नाही, सापडला नाही. मला काय झालं ते तिसऱ्या ओळीलाच कळलं.

नशीब की जुलैत सर्व्हर अद्ययावत करण्याआधी मी फाइलची प्रत लॅपटॉपवर घेतली होती. तीत ४१ ओळी होत्या. वाटणाची प्रत घेता येते आणि ती जशीच्या तशी चालते, कोणाला पासवर्ड परत विचारावा लागत नाही. ४१ जण आरतीच्या आत आत आले. नंतर भरलेले सहा जण दीड दिवसाचा गणपती पोहोचवल्यावर घरी येऊन पासवर्ड देऊन गेले, नेवऱ्या खाऊन गेले.

घाईचं काम इथेच संपलं नाही. ती प्रत सर्व्हरवर चढवताना माझा एसएफटीपी, म्हणजे फायली चढवायचा मार्ग, नेहमीप्रमाणे साइटच्या फोल्डरमध्ये उतरला. तिथून मी फाइल योग्य जागी नेली, पण 'वाचक-जुने' नावाची मूळ प्रत तिथेच राहिली, मुखपृष्ठाच्या शेजारी, खुल्या भागात. टिंब-एचटीने सुरू होणारं नाव असतं तर अपाचेच्या मूळ मांडणीतच ते द्यायला मनाई आहे. 'वाचक-जुने' असल्या नावाला कोण अडवणार? तिसऱ्या दिवशी काम तपासताना मी स्वतःच बाहेरून तो पत्ता मागितला आणि सर्व्हरने ४१ ओळी अगदी आदबीने माझ्या हातात ठेवल्या. लॉगमध्ये माझ्याशिवाय कोणी ती मागितलेली दिसली नाही. म्हणून फाइल काढली, आणि पासवर्ड बदलायला मात्र कोणाला सांगितलं नाही. यावर कोणी मला दोष दिला तर मी वाद घालणार नाही. पण नऊ सारख्या ओळींची जुनी फाइल असती तर मी त्याच दिवशी सगळ्यांना बोलावलं असतं, विसर्जन असो वा नसो.

आता खरी फाइल साइटच्या फोल्डरबाहेर आहे, रूटच्या, म्हणजे मुख्य खात्याच्या, मालकीची, सर्व्हरला फक्त वाचता येणारी. सर्व्हरची मांडणी जिथे असते त्या ईटीसी फोल्डरवर ईटीसीकीपर बसवलंय, तो बदलांची नोंद ठेवतो. आणि टिपणवहीतल्या त्या पहिल्या ओळीवर लाल शाईने काट मारलीय.

मास्तरांकडे परत. मध्यंतरी त्यांनी बंड केलं. "जन्मभर मराठी शिकवली आणि पासवर्ड रोमनमध्ये टाकू? मी देवनागरीतच देणार." मला तत्त्व पटलं. त्यांना आधी एक आख्खी ओवी द्यायची होती. ती बसत नव्हती: बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट बघतं, पुढचं सोडून देतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. नुसतं 'ज्ञानेश्वर' लिहिलं की ३० बाइट गेले. मास्तर दोन शब्दांवर आणि पुढच्या एका आकड्यावर तयार झाले. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर पासवर्ड चालला. घरी मोबाइलवर चालेना. शब्द तोच, शुद्धलेखन बिनचूक (ते मास्तरांचं असल्यामुळे प्रश्नच नाही), तरी लॉगमध्ये मिसमॅच.

एक संध्याकाळ गेली तेव्हा कुठे सापडलं. शब्दात 'वाऱ्या' होतं. हा अर्धा र आपल्या डोळ्यांना एकच दिसतो, पण तो दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक म्हणजे खाली टिंबाचा ऱ घेऊन हलन्त द्यायचा. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारा जोडणारा. पहिल्यात सहा बाइट, दुसऱ्यात नऊ. वाचनालयाचा कीबोर्ड एक पद्धत वापरत होता, मोबाइल दुसरी. डोळ्याला एकच शब्द, वाटणाला दोन वेगळे नारळ.

मी सांगितलं, अर्धा र नसलेला शब्द घ्या. मास्तर दुखावले. "म्हणजे वाऱ्या, दऱ्या, साऱ्या बाद? हा र आपल्या भाषेचा दागिना आहे, बाय, आणि तुझा सर्व्हर तोच काढून ठेवायला सांगतोय." शेवटी कुरकुरत दुसरा शब्द घेतला. कोणता, ते मला माहीत नाही.

यंदा २ जानेवारीला फोन आला तेव्हा सूर विजयाचा होता. डिसेंबरचं पान त्यांनी डब्यांखाली जाण्याआधी काढून जपून ठेवलं होतं.

"मग अडलं कुठे?"

"शब्द सापडला. पण त्याच्या बाजूला दोन आकडे आहेत, ४५० आणि ६२०. यातला एक पासवर्डचा आणि एक दुधाचा." (आकडे मी इथे बदललेत.)

"दोन्ही लावून बघा, मास्तर. मी लॉग बघते."

पडद्यावर एएच०१६१७ ची एक ओळ उमटली. मग थोडा वेळ काही नाही. मग वहीची साठ चित्रं भराभर खाली उतरू लागली.

"दुसरा निघाला गो," मास्तर म्हणाले. आणि लगेच आत कोणालातरी मोठ्याने सांगितलेलं ऐकू आलं, "अगो, डिसेंबरचं दूध साडेचारशेचं हं."